पडद्यावरचा चेहरा कोणाचा?

चित्रपट हे करमणुकीचे साधन आहे, हे कोणी कोणाला शिकवावे लागत नाही. ते लोकशिक्षणाचे साधन आहे, ही गोष्टही आता जुनी झाली. १९४८ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाली आणि त्यानंतर कित्येक वर्षे मुख्य चित्रपटाआधी एखादा सरकारी अनुबोधपट पाहणे हे तिकिटाबरोबर ठरूनच गेलेले असे. रोगराई, कुटुंबनियोजन, स्वच्छता असे विषय आपल्या मागच्या पिढीने त्या पडद्यावर पाहिले. जाणत्याने अजाणत्याला चार गोष्टी समजावून सांगाव्यात, असा त्यांपैकी बहुतेकांचा सूर असे.

परंतु चित्रपटाचा आणखी एक उपयोग आहे आणि त्याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. ज्या रोगांना समाजाने कलंक मानले, ते रोग झालेल्या माणसांमध्ये आरोग्यविषयक संशोधन करावयाचे असेल, तर त्या माणसांशी विश्वासाचे नाते जोडण्यासाठी चित्रपट वापरता येतो. तो कसा वापरतात, त्यातून काय साधते आणि काय बिघडू शकते, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचा माझा प्रयत्न आहे. मी समाजशास्त्र शिकवतो. चित्रपट हा माझा व्यवसाय नव्हे, आवड आहे. त्यामुळे कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या माणसापेक्षा कॅमेऱ्यापुढे बसलेल्या माणसाच्या बाजूने मी या विषयाकडे पाहणार आहे.

रोग लहान, नाव मोठे

कलंक म्हणजे काय, हे समजण्यासाठी कुष्ठरोगाचेच उदाहरण घेऊ. नॉर्वेतील डॉ. हान्सेन यांनी १८७३ साली या रोगाचा जंतू शोधून काढला. पूर्वजन्मीचे पाप, कोणाचा तरी शाप, घराण्याचा दोष या कल्पनांना शास्त्राने तेव्हाच उत्तर दिले होते. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने डॅप्सोन, रिफाम्पिसिन आणि क्लोफाझिमीन या औषधांच्या एकत्रित उपचाराची शिफारस केली. रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा महिने किंवा वर्षभर औषध घेतले की रोग बरा होतो. हे औषध फुकट मिळते. बहुसंख्य माणसांच्या अंगी या रोगाविरुद्ध उपजतच प्रतिकारशक्ती असते. डिसेंबर २००५ मध्ये देशातील रुग्णांचे प्रमाण दर दहा हजारांमागे एकाच्या खाली आले.

ही झाली वैद्यकाची कथा. आता समाजाची कथा पाहा. कुष्ठरुग्णांना वेगळे कोंडण्याची मुभा देणारा १८९८ सालचा कायदा रद्द झाला तो २०१६ साली. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून विवाहविषयक कायद्यांत नमूद होते, ते वगळले गेले २०१९ साली. म्हणजे खात्रीचे औषध येऊन अडतीस वर्षे झाली, तरी नवराबायकोला वेगळे करण्यास या रोगाचे नाव कायद्याच्या पुस्तकात पुरेसे होते! आपल्या भाषेचेही तेच. ‘महारोगी’ हा शब्द आपण पिढ्यान्‌पिढ्या वापरला. त्या शब्दात माणूस कोठेच नाही, आहे तो फक्त रोग.

एचआयव्ही, क्षय, मनोविकार, कोड यांच्या बाबतीतही कमी-अधिक फरकाने हेच घडते. यांपैकी कोड तर मुळीच संसर्गजन्य नाही, परंतु मुलीच्या अंगावर पांढरा डाग दिसला की घरात सुतक असल्यासारखे वातावरण होते. रोग शरीराला जेवढा त्रास देत नाही तेवढा त्याचे नाव माणसाला देते. साहजिकच माणसे रोग लपवतात.

येथेच संशोधनाची पंचाईत होते. लपवलेल्या गोष्टीवर संशोधन कसे करणार? संशोधक गावात येतो, त्याच्या गळ्यात ओळखपत्र असते, हातात छापील प्रश्नावली असते. त्याची जीप कोणाच्या दारात थांबली, हे संध्याकाळपर्यंत साऱ्या आळीला कळते. घरातल्या माणसाला रोग असो वा नसो, संशय मात्र मागे राहतो. संशोधक रक्ताचे नमुने घेऊन, उत्तरे लिहून घेऊन निघून जातो. पुढे त्याचा अहवाल इंग्रजीत प्रसिद्ध होतो व ज्यांच्याविषयी तो लिहिला त्यांच्या दृष्टीस कधीही पडत नाही. पुढच्या वेळी दुसरा संशोधक आला की गाव दारे लावून घेते. त्याला आपण ‘अज्ञान’ म्हणतो; वस्तुतः तो अनुभव असतो.

अहवाल परत नेणारी ‘बाई’

संशोधन लोकांकडे परत कसे न्यावे, या प्रश्नाचे एक उत्तर पुण्यातच मिळाले. सुमित्रा भावे हे नाव आज आपण ‘दोघी’, ‘देवराई’, ‘अस्तु’, ‘कासव’ या चित्रपटांमुळे ओळखतो. १९ एप्रिल २०२१ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांचा गौरव केला तो दिग्दर्शिका म्हणून. परंतु मुळात त्या समाजकार्याच्या अध्यापिका आणि संशोधक होत्या. पुण्यातील झोपडवस्तीत राहणाऱ्या स्त्रिया स्वतःकडे कसे पाहतात, याचा अभ्यास त्या ‘स्त्रीवाणी’च्या कामात करीत होत्या. तास-तास बसून बायकांच्या कहाण्या त्यांनी ऐकल्या. त्यांतील आठ दलित स्त्रियांची आत्मकथने पुढे १९८८ साली इंग्रजीत पुस्तकरूपाने आली.

पण ज्या बाईने आपले आयुष्य उलगडून सांगितले, तिला वाचता येत नव्हते. मग तिचेच बोलणे तिच्यापर्यंत कसे पोचवावे? या प्रश्नातून १९८५ साली ‘बाई’ हा लघुपट जन्मला. चित्रपटकलेचे कोणतेही शिक्षण न घेतलेल्या एका संशोधिकेने तो केला आणि त्याला कुटुंबकल्याणविषयक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या सुनील सुकथनकर यांच्याबरोबर त्यांनी अनेक चित्रपट केले.

मला या घटनेत पुरस्कारापेक्षा महत्त्वाचे वाटते ते चित्रपट करण्याचे कारण. ‘बाई’ हा लोकांना काही शिकवण्यासाठी बाहेरून आणलेला चित्रपट नव्हता. लोकांकडून घेतलेले लोकांना परत देण्यासाठी तो केला होता. माझ्या मते या साऱ्या विषयाचे सार एवढ्यात आहे. संशोधनात चित्रपट दाखवायचा नसतो, तो परत करायचा असतो.

फोगो बेटावरील रीत

परत करण्याची रीतसर पद्धत घडवली गेली ती मात्र दूर कॅनडात. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याजवळ फोगो नावाचे मच्छीमारांचे बेट आहे. मासेमारीवर पोट भरेनासे झाले होते व लोकांनी बेट सोडून अन्यत्र जावे असा सरकारचा विचार होता. १९६७ साली कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाचे कॉलिन लो आणि तेथील मेमोरियल विद्यापीठाच्या विस्तार विभागाचे डोनाल्ड स्नोडन यांनी या बेटावर लहान लहान चित्रपट केले. एका चित्रपटात एकच माणूस किंवा एकच विषय, असा साधा मामला होता.

त्यांची शिस्त मात्र साधी नव्हती. चित्रण प्रथम त्याच माणसाला दाखवावयाचे. त्याला जे नको असेल ते काढून टाकावयाचे. मग त्याच्या संमतीने ते बेटावरच्या इतर वस्त्यांत दाखवावयाचे आणि दिवे लागल्यावर चर्चा घडवावयाची. त्यानंतर ते मंत्र्यांना दाखवले गेले, मंत्र्यांच्या उत्तराचेही चित्रण झाले आणि ते उत्तर बेटावर आणून लोकांना दाखवण्यात आले. एकमेकांपासून तुटलेल्या वस्त्यांना पडद्यावर कळले की आपले दुःख सर्वांचेच आहे. बेटावर मच्छीमारांची सहकारी संस्था उभी राहिली आणि लोक बेटावरच राहिले. हे सारे केवळ चित्रपटामुळे झाले असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल, पण लोकांना एकत्र बोलते करण्यात त्याचा वाटा होता हे नक्की.

फोगोचा प्रश्न आरोग्याचा नव्हता. तरीही आज आरोग्य-संशोधनात ज्याला ‘सहभागी चित्रण’ म्हणतात, त्याचे मूळ येथे सापडते. फरक एवढाच की मच्छीमाराला आपला चेहरा दाखवण्याची लाज नव्हती. कलंकित रोग झालेल्या माणसाचे मात्र चेहऱ्यापाशीच अडते.

चेहरा म्हणजे जोखीम

आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी घेऊन मी एका कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत गेलो होतो. एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांला चहा दिला, आपल्या विणकामाचा माग दाखवला, पूर्वीच्या हकिकती सांगितल्या. एका मुलाने विचारले, “आजोबा, तुमचं बोलणं मोबाईलवर घेऊ का?” त्यांनी हसून उत्तर दिले, “घे की बाळा, माझं काय व्हायचं राहिलंय? पण नातीची सोयरीक जमायची आहे. तेवढं आटपू दे, मग ये.” मुलाने मोबाईल खिशात घातला.

त्या एका वाक्यात संमतीचे सारे तत्त्वज्ञान आले आहे. चेहरा आजोबांचा, पण तो पडद्यावर गेला तर किंमत मोजणार नात. म्हणून कॅमेऱ्यापुढच्या माणसाची सही घेतली की आपले काम संपले, असे समजता येत नाही. शिवाय आजचा होकार उद्याचा असेलच असेही नाही. लग्न ठरते, नोकरी लागते, मूल शाळेत जाऊ लागते आणि जी गोष्ट काल सांगावीशी वाटली ती आज झाकावीशी वाटते.

कायद्यानेही या जोखमीची दखल घेतली आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. नव्या औषधाची चाचणी करताना, त्या औषधाचा रेणूच नवा असेल आणि सहभागी होणारी व्यक्ती दुर्बल गटातील असेल, तर तिची संमती घेण्याच्या प्रक्रियेचे दृक्‌श्राव्य चित्रण ठेवावे, असा आपल्याकडे नियम आहे. हेतू चांगला आहे. गरीब माणसाला न समजावता अंगठा घेतला, असे होऊ नये. परंतु एचआयव्ही आणि कुष्ठरोग यांवरील औषधांच्या चाचण्यांपुरता अपवाद केलेला आहे. तेथे चित्र नाही, फक्त आवाज नोंदवावयाचा. २०१९ च्या नियमांतही हा अपवाद कायम आहे. जे चित्रण एकाचे रक्षण करते तेच दुसऱ्याचा घात करू शकते, ही गोष्ट नियमकर्त्यांनी ओळखली, असे म्हणावे लागते. २०१७ च्या एचआयव्हीविषयक कायद्यानेही संमतीवाचून कोणाची तपासणी, उपचार वा संशोधन करू नये आणि कोणाची स्थिती उघड करू नये, असे बंधन घातले आहे.

मग चेहरा झाकला तर? दूरदर्शन संचावर आपण पुष्कळदा पाहतो, चेहरा धूसर केलेला असतो किंवा पाठमोरी आकृती अंधारात बसलेली असते. याने दोन अडचणी येतात. पहिली अशी की गावातल्या माणसाला चेहऱ्याची गरज नसते. हातावरचे गोंदण, घराचा दरवाजा, बोलण्याचा हेल, खोकण्याची ढब, एवढ्यावरून तो माणूस ओळखतो. दुसरी अडचण अधिक खोल आहे. वर्तमानपत्रात तोंडावर फडके घेतलेला माणूस दिसला की तो आरोपी, हे आपल्या मनात पक्के बसलेले आहे. रुग्णालाही तसेच बसवले तर आपण न बोलता सांगतो की याने काही तरी लाजिरवाणे केले आहे. कलंक पुसायला निघालेला चित्रपट अशा वेळी कलंकावर शिक्काच मारतो.

अनुभव आपला, चेहरा नटाचा

या पेचातून निघण्याचा एक मार्ग कथापटाचा आहे. माणसांचे अनुभव संशोधनातून गोळा करावयाचे, त्यांची गुंफण करावयाची आणि ती नटांकडून वठवून घ्यावयाची. सांगणारा सुरक्षित राहतो आणि सांगितलेले मात्र सर्वांपर्यंत पोचते.

‘देवराई’ (२००४) हे याचे मराठीतले उत्तम उदाहरण होय. स्किझोफ्रेनिया झालेल्या माणसाचे अंतरंग आणि त्याला सांभाळणाऱ्या बहिणीची ओढाताण हा त्याचा विषय. मनोरुग्णांच्या कुटुंबीयांसाठी काम करणारी पुण्यातील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था या चित्रपटाच्या उभारणीत सहभागी होती. ‘वेडा’ या एका शब्दात ज्याची बोळवण होत असे, त्याच्या घरी नेमके काय घडते हे प्रेक्षकांनी तीन तास बसून पाहिले नसेल, पण दोन तास नक्की पाहिले. अतुल कुलकर्णींनी वठवलेल्या शेषला पाहून एखाद्या बहिणीला ‘हे तर आमच्याच घरचं’ असे वाटले, तरी तिच्या भावाचे नाव कोणाला कळले नाही.

‘नितळ’ (२००६) मध्ये कोड असलेल्या सुशिक्षित तरुणीच्या लग्नाचा प्रश्न आहे. हा चित्रपट मी तटस्थपणे पाहू शकलो नाही, हे येथे सांगितले पाहिजे. माझ्या आत्याला कोड होते. आमच्या घरी जुन्या फोटोंची एक पेटी आहे. मुंजी, बारशी, लग्ने, सारे काही तीत आहे, पण आत्या एकाही फोटोत नाही. तिला कोणी हाकलून दिले असे नव्हे. फोटोवाला आला की ती आपणहून स्वयंपाकघरात जाई आणि कोणी तिला हाक मारीत नसे, इतकेच. ती जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. तिचा चेहरा मला आठवतो, माझ्या मुलांना तो दाखवता येत नाही. कलंक माणसाला चित्रातून कसा पुसतो, हे मला कोणत्याही ग्रंथापेक्षा त्या पेटीने अधिक शिकवले. पडद्यावर कोड असलेली नायिका ताठ मानेने समोर येते तेव्हा तिचे मोल काय, हे अशा घरांतल्या माणसांनाच कळते.

शेजारच्या गोव्याचेही एक उदाहरण आहे. डॉमिनिक डिसोझा या तरुणाला एचआयव्हीची लागण असल्याचे आढळल्यावर १९८९ साली तेथील आरोग्य कायद्याखाली पकडून चौसष्ट दिवस एकटे कोंडून ठेवण्यात आले होते. १९९२ साली त्याचे निधन झाले. ओनीर यांच्या ‘माय ब्रदर निखिल’ (२००५) या हिंदी चित्रपटामागे त्याच्या आयुष्याची प्रेरणा आहे, पण पडद्यावरचा निखिल हा जलतरणपटू आहे, त्याचे घर वेगळे, नाव वेगळे. आजाऱ्याला कैदी करणारी व्यवस्था प्रेक्षकांनी पाहिली ती एका कल्पित घराच्या आडून.

स्वतः समोर येणारे

असे असले तरी नटाचा चेहरा हे अखेरचे उत्तर नव्हे. कलंक खऱ्या अर्थाने हलतो तो माणूस स्वतः उभा राहून ‘हा मी’ म्हणतो तेव्हा. मात्र ते म्हणण्याचे बळ त्याला एकट्याला येत नाही, संघटनेतून येते.

कलकत्त्याच्या सोनागाछीत १९९२ साली डॉ. स्मरजित जाना यांनी लैंगिक आजार व एचआयव्ही यांच्या प्रतिबंधाचे काम सुरू केले. त्यांनी वस्तीतल्या शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांनाच आरोग्यसेविका केले. त्यातून १९९५ साली त्या स्त्रियांची ‘दुर्बार’ ही संघटना उभी राहिली. २००२ साली शोहिनी घोष यांनी ‘टेल्स ऑफ द नाइट फेअरीज’ हा अनुबोधपट केला तेव्हा चार स्त्रिया आणि एक पुरुष त्यात मोकळ्या चेहऱ्याने बोलले. आपल्या व्यवसायाविषयी, इच्छांविषयी आणि संघटनेविषयी ते बोलतात. क्रम लक्षात घ्या. आधी काम, मग संघटना आणि मग कॅमेरा. आपल्याकडे सांगलीत ‘संग्राम’ने १९९२ पासून असेच काम केले व १९९६ साली ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ स्थापन झाली. तेथेही बायकांनी प्रथम एकमेकींचा आधार मिळवला. ज्या वस्तीत असा आधार नाही तेथे कॅमेरा घेऊन जाणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला धाडसाचे कौतुक सांगून पाण्यात ढकलण्यासारखे आहे.

आफ्रिकेतील लेसोथो या डोंगराळ देशाचा अनुभव याहून पुढचा आहे. दक्षिण आफ्रिकेच्या परिसरात २००१ पासून ‘स्टेप्स फॉर द फ्यूचर’ या उपक्रमात एचआयव्हीविषयी अनेक अनुबोधपट तयार झाले आणि फिरत्या सिनेमाने ते गावोगावी नेले. टेबोहो एडकिन्स यांच्या २००४ सालच्या ‘आस्क मी, आय ॲम पॉझिटिव्ह’ या चित्रपटात आपल्याला एचआयव्हीची लागण आहे असे उघड सांगणारे तीन तरुण या फिरत्या सिनेमाबरोबर डोंगरातल्या गावांत जाताना दिसतात. ते पडद्यावर दिसतात आणि खेळ संपला की तेच प्रेक्षकांपुढे उभे राहतात. ‘विचारा काय विचारायचे ते!’ असा एकूण मामला. पडद्यावरच्या माणसाला प्रश्न विचारता येत नाही, समोरच्याला येतो. आईला कसे सांगितले, लग्न करता येईल का, एका ताटात जेवले तर चालते का, हे प्रश्न डॉक्टरला विचारायला लोक कचरतात. आपल्यासारखाच एक तरुण धडधाकट उभा आहे असे दिसले की जीभ सैल होते.

दिवे लागल्यानंतर

येथे चित्रपटाचे काम संपते आणि संशोधनाचे सुरू होते. असे चित्रपट पंधरा-वीस मिनिटांचे असले तरी त्यानंतरची चर्चा तास-दीड तास चालावी, अशी योजना असावी लागते. चर्चा चालवणारी व्यक्ती वस्तीतली, तेथील बोली बोलणारी असावी. बायकांचा खेळ वेगळा ठेवावा लागतो, कारण सासऱ्यासमोर सून पदर पुढे ओढून गप्प बसते. लोकांनी कोणते प्रश्न विचारले, कोठे हसू आले, कोणत्या प्रसंगी कोण उठून गेले, याची नोंद होते. ‘तुम्हांला या रोगाविषयी काय वाटते?’ असे विचारले तर लोक शहाणपणाचे उत्तर देतात. ‘त्या चित्रपटातल्या सासूने असे का केले असेल?’ असे विचारले की ते मनातले बोलतात. पात्राच्या आडोशाने स्वतःविषयी बोलता येते, हे चित्रपटाने संशोधकाला दिलेले सर्वांत मोठे दान होय.

तीन पथ्ये मात्र पाळावी लागतात. पहिले पथ्य भीतीचे. १९८७ साली ब्रिटनमध्ये एड्सविषयी जी जाहिरात झाली तीत थडग्याचा दगड आणि हिमनग दाखवले होते. आपल्याकडेही कवटी आणि हाडे यांनी भिंती रंगल्या. भीतीने लोक सावध होतात, पण त्याबरोबर रोग्यालाही भिऊ लागतात, आणि भ्यालेला माणूस तपासणीला येत नाही. दुसरे पथ्य उपचाराचे. चित्रपट पाहून एखादीने ‘माझ्याही अंगावर असा चट्टा आहे’ असे सांगितले, तर तिला त्याच आठवड्यात कोठे नेणार हे आधी ठरलेले हवे. त्याची सोय नसेल तर खेळ लावू नये. तिसरे पथ्य मोहाचे. चित्रपट पाहायला आलेल्या गर्दीकडून तेथल्या तेथे संशोधनासाठी सह्या घेऊ नयेत. भारावलेल्या माणसाचा होकार हा पुरता होकार नसतो. रात्र मध्ये जाऊ द्यावी, घरच्यांशी बोलू द्यावे.

आणि परिणाम कसा मोजावा? खेळ संपताच विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे गोडच येतात, कारण पाहुण्याला नाराज करू नये अशी आपली रीत आहे. म्हणून काही महिन्यांनी पुन्हा विचारावे लागते व जेथे चित्रपट दाखवला नाही अशा गावाशी तुलना करावी लागते. टाळ्यांपेक्षा आपणहून तपासणीला आलेल्या माणसांची संख्या अधिक बोलकी असते. मी आणखी एक कसोटी सुचवीन. चित्रण पाहिल्यावर ‘माझा भाग काढून टाका’ असे किती जणांनी सांगितले? एकानेही तसे म्हटले नसेल तर आनंद मानू नये. कदाचित नाही म्हणता येते, हेच त्यांना कोणी सांगितले नसेल.

विद्यार्थिमित्रांनो, थोडे आपल्याविषयी

आज कॅमेरा ही दुर्मिळ वस्तू राहिलेली नाही. फोगो बेटावर जे करण्यासाठी सरकारी मंडळाची यंत्रे लागली, ते तुमच्या खिशातील मोबाईलवर होते. परंतु फोगोचा चित्रपट एका डब्यात बंद होता आणि तो कोठे दाखवायचा हे ठरवता येत होते. मोबाईलवरचे चित्रण एकदा एका गटावर गेले की ते परत बोलावता येत नाही. साधन सोपे झाले तेवढी जबाबदारी अवघड झाली, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

आपल्यापैकी काही जण पुढे समाजकार्याकडे, पत्रकारितेकडे वा संशोधनाकडे वळतील. एखाद्या वस्तीत शिबिर असेल, एखादा लघुपट करण्याची स्पर्धा असेल. तेव्हा कॅमेरा सुरू करण्याआधी पुढच्या गोष्टी विचारून घ्याव्यात. हे चित्रण कोण पाहणार? समोरच्या माणसाला ते आधी पाहायला मिळणार का? त्याने नको म्हटले तर आपण खरोखर पुसून टाकणार का? त्याच्याखेरीज आणखी कोणाच्या आयुष्यावर याचा परिणाम होईल? आणि चित्रपट तयार झाल्यावर तो घेऊन आपण त्या वस्तीत परत जाणार, की बक्षीस घेऊन घरी?

या प्रश्नांची उत्तरे मिळण्यास वेळ लागतो. कधी नातीचे लग्न होईपर्यंत थांबावे लागते. आमच्या त्या विद्यार्थ्याने आजोबांचे चित्रण अद्याप केलेले नाही. तो अधूनमधून वसाहतीत जातो, मागावर बसायला शिकतो आहे, असे त्याने मला सांगितले. त्याच्या प्रकल्पाच्या वहीत अजून एकही छायाचित्र नाही आणि मी त्याला पुरे गुण दिले आहेत.